अंडी थांबली म्हणून खाद्य आणायला गेले, तर दुकानदार म्हणाले आत्ता घेऊच नका

सोलापुरात घरी परसात चार-आठ कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी लिहितेय, मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना याचा काही उपयोग नाही. मार्केट यार्डाच्या भागात खाद्य-पेंडीचं एक छोटं दुकान आहे, बोर्डावरची अक्षरं उन्हानं पार उडालीत त्यामुळे सगळे नुसतं पेंडवाले मालक म्हणूनच ओळखतात, त्या दुकानाचा आणि तिथून आणलेल्या मालाचा हा अनुभव. नोव्हेंबर ते आत्ता मार्च एवढे चार महिने वापरून लिहितेय, एकदा पिशवी आणली आणि लगेच पाच स्टार दिले असं नाही. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला तेही सांगते.

आधी आमच्या कोंबड्यांचं सांगायला लागेल. आठ आहेत, पाच ग्रामप्रिया आणि तीन गावरान. ग्रामप्रिया म्हणजे हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं परसबागेसाठी काढलेली जात, तपकिरी अंडी देते आणि गावरानपेक्षा पुष्कळ जास्त देते. गावरान वर्षाला साठ-सत्तरवर जात नाही, पण पिल्लं काढायची तर तीच पाहिजे. होटगी रोडच्या बाजूला आमचं घर आहे, मागं थोडी मोकळी जागा, एक शेवग्याचं झाड, त्याच्याखाली मिस्टरांनी पत्र्याचं खुराडं केलंय. आणल्या तेव्हा महिन्याची पिल्लं होती, लसीकरण झालेली. पहिल्या वर्षी जी अंडी सुरू झाली ती थंडीतसुद्धा थांबली नाहीत, रोज पाच-सहा, शेजारी वाटून वर उरायची. म्हणून मला वाटलं कोंबड्या अशाच वर्षभर देतात.

यंदा दुसरं वर्ष. दसऱ्यानंतर अंडी कमी व्हायला लागली, सहाची चार, चारची दोन, आणि दिवाळीच्या आत एकदम बंद. आणि परसात पिसंच पिसं. सकाळी झाडलं की दुपारी परत तेवढीच. तांबडी म्हणून आमची सगळ्यात देखणी कोंबडी, तिची मान पूर्ण उघडी पडली, शेपटी गेली, तुरा सुकून फिकट गुलाबी झाला आणि ती कोपऱ्यात गप उभी राहायला लागली. मला तर रोगच आला असं वाटलं, मानमोडी असेल का काय म्हणून दोन रात्री झोप नाही. पण मान वाकडी नव्हती, पाय लुळे नव्हते, हिरवी शीट नव्हती, खात-पीत होत्या. नुसती पिसं आणि अंडी गेली.

शेजारच्या एकांनी सांगितलं आता म्हाताऱ्या झाल्या, कापून खावा, खाद्य कशाला फुकट घालताय. सासूबाई म्हणाल्या, अगं थांब की, जुनं पिस टाकायलीय, संक्रांत झाली की आपोआप घालतील, माझ्या माहेरी दरवर्षी असंच व्हायचं. मी त्यांचं ऐकलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याच आठवड्यात मी ऑनलाइन एक टॉनिक मागवलं, अंडी दुप्पट करणारं म्हणून, कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही, तीनशे ऐंशी रुपये गेले. तीन आठवडे पाण्यातून दिलं, एक अंडं नाही. नंतर कळालं की त्यात मेन म्हणजे कॅल्शियम होतं आणि पिसं गाळणाऱ्या कोंबडीला त्या वेळी जास्तीच्या कॅल्शियमची गरजच नसते, ती अंड्याचं कवच बनवतच नाही तर कॅल्शियम जाणार कुठं.

तर नोव्हेंबरच्या शेवटी मी त्या दुकानात गेले. यार्डात कांद्याचा सीझन सुरू झालेला, रस्त्यावर ट्रकांची रांग, गाडी लांब लावून चालत जावं लागलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूला पोती, मध्ये तराजू, ढेपेचा आणि कोंड्याचा वास. मी म्हणलं मालक, एक लेअर मॅशची गोणी द्या, अंडी बंद झालीत. लेअर मॅश म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं पिठासारखं खाद्य. त्यांनी गोणीला हात लावला नाही. पहिलं विचारलं किती आहेत, मग किती वयाच्या, मग पिसं झडायलीत का. हो म्हणलं. मग कुठनं झडायला सुरुवात झाली, डोक्याकडनं का पाठीकडनं? मला आठवलं आधी मान गेली, मग छाती, मग पंख, शेवटी शेपटी. ते म्हणाले, "मग ताई रोग नाही काही, पिसं बदलायलीत. डोक्याकडनं सुरू होऊन शेपटीकडं गेलं की ते नैसर्गिक. नुसती पाठ उघडी असती तर उवा नाहीतर एकमेकींनी टोचलंय समजायचं. लेअर आत्ता घेऊच नका, पिसं येऊ द्या, तुरा लाल झाला की या."

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पन्नास किलोची गोणी विकली असती तर सतराशे-अठराशेचा धंदा झाला असता, त्याऐवजी त्यांनी मला पाच किलो ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, आणि दोन किलो शेंगदाणा पेंड दिली, सगळं मिळून तीनशेच्या आत.

त्यांनी समजावलं ते असं. पिस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, शंभरातले ८० च्या वर भाग. कोंबडीला अंगावरची सगळी पिसं दोन-तीन महिन्यात नव्यानं काढायची असतात, मग ती अंड्याला प्रोटीन कुठनं देणार, म्हणून शरीर अंड्याचं काम बंद ठेवतं. आणि आपण सोलापूरकर काय घालतो, तर ज्वारी. आमच्याकडं मंगळवेढ्याची मालदांडी घरात असते, पाखडताना जी बारीक राहते ती कोंबड्यांना. ज्वारीत प्रोटीन साधारण १० टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतं, पिसं काढणारीला त्याहून थोडं जास्तच दिलेलं चांगलं. म्हणजे मी दीड महिना त्यांना अर्धपोटी ठेवल्यासारखंच झालं, पोट भरलेलं पण पिसाला लागणारं त्यात काही नाही. ज्वारी बंद करू नका, संध्याकाळी मूठभर द्या, पण आधी पेंड आणि मॅश, असं त्यांनी सांगितलं.

पेंडीचं तर विशेष सांगायला पाहिजे. शेंगदाणा पेंडीत प्रोटीन ४० टक्क्यांच्या वर असतं आणि आपल्याकडं सहज मिळते, पण तिला बुरशी लागली तर ती कोंबडीचं लिव्हर खराब करते, अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्या विषाला, शिजवून भाजून जात नाही. मालकांनी पोत्यातनं एक तुकडा काढला, हातानं मोडला, माझ्या नाकाजवळ धरला, म्हणाले वास घ्या. भाजलेल्या शेंगांचा वास. मग मागच्या बाजूला एक वेगळं ठेवलेलं पोतं होतं त्यातला तुकडा मोडला, आतल्या बाजूला राखाडी-हिरवट डाग आणि ओल्या भिंतीसारखा कुबट वास. "हे परत पाठवायचंय, कुणालाच देत नाही, पण तुम्हाला वास माहीत पाहिजे." आजपर्यंत मी कुठंही पेंड घेतली की तुकडा मोडूनच घेते. वरून चांगली दिसणारी पेंड आतनं खराब असू शकते.

घरी आल्यावर सकाळी मॅश पाण्यानं ओलसर करून त्यात पेंडीचा चुरा, असं सुरू केलं. आठवड्यातून दोनदा बाजारातली सुकट आणून दोनदा धुऊन घालायची, मीठ जास्त असतं म्हणून धुवायची, त्या दिवशी तर आठी जणी माझ्या पायात पायात. एक गोष्ट मालकांनी बजावून सांगितली होती, या दिवसात कोंबडीला उगाच पकडू नका. का ते मला दहा-बारा दिवसांनी तांबडीच्या मानेकडं जवळनं बघितल्यावर कळालं. मानेवर निळसर काळे काटे उगवले होते, बारीक, एकाला एक लागून, साळिंदरासारखे. त्या प्रत्येक काट्यात रक्त असतं, पिस त्याच्या आत गुंडाळलेलं असतं, दाबलं की दुखतं आणि मोडलं तर रक्त येतं. मग हळूहळू काट्याचं टोक फुटतं, वरचं पांढरं पातळ वेष्टण पापुद्र्यासारखं गळतं, कोंबडी चोचीनं ते काढत बसते, आणि आतनं पिस उमलून बाहेर येतं. खुराड्यात त्या पांढऱ्या कोंड्याचा थर साचायचा, मी रोज झाडायचे आणि बघत बसायचे. नवीन पिसाचा रंग इतका दाट असतो की तांबडी अक्षरशः नव्या साडीत आल्यासारखी दिसायला लागली. डिसेंबर संपेपर्यंत पाच जणी पूर्ण भरल्या, कवडी म्हणून दुसरी एक आहे, तिला मात्र जानेवारी अर्धा लागला. प्रत्येकीचा वेग वेगळा, एकीनं पंधरा दिवसात सगळं टाकून दिलं आणि लवकर भरली, दुसरी दोन-दोन पिसं टाकत तीन महिने रखडली. जी पटकन उघडी पडते ती लवकर अंड्यावर येते असं मालक म्हणाले होते, आमच्याकडं तरी तसंच झालं.

याच मोकळ्या दिवसात जंताचं औषध देऊन घ्या हा सल्लाही त्यांचाच, कारण अंडी सुरू असताना औषध दिलं तर बाटलीवर लिहिलेले दिवस अंडी खाता येत नाहीत, आता अंडीच नाहीत तर नुकसान नाही. पण औषध त्यांनी स्वतः दिलं नाही, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून वजनाप्रमाणे घ्या म्हणाले. माझ्यासमोर एक जण अँटिबायोटिकची पुडी मागायला आला होता, कोंबड्या सुस्त आहेत म्हणून, त्यालाही त्यांनी डॉक्टरांकडंच पाठवलं. मला हे फार आवडलं. बाकी ठिकाणी मागाल ती पुडी हातात मिळते.

आता उजेडाचं. माझी मावसबहीण शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकते, तिला फोन केला तर तिनं सांगितलं की कोंबडीची अंडी उजेडावर चालतात. डोळ्यांतूनच नाही, कवटीतूनसुद्धा उजेड मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यावर अंड्याची हार्मोन्स सुरू-बंद होतात. दिवस १४ तासांच्या आसपास असला तर अंडी जोरात. सोलापुरात डिसेंबरच्या शेवटी दिवस ११ तासांपेक्षा जेमतेम मोठा असतो आणि जूनमध्येही १३ तासांच्या थोडाच वर जातो. मग पहिल्या वर्षी थंडीत कशी घातली? तर नवीन तलंगा, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्या, पहिली थंडी बहुतेक तशाच काढतात, खरी पिसगळ दीड वर्षाच्या आसपास येते. हे जर मला आधी माहीत असतं तर त्या दोन रात्री मी शांत झोपले असते.

मालकांना विचारलं बल्ब लावू का. ते म्हणाले पिसं पूर्ण आल्याशिवाय नको, शरीराला विश्रांती घेऊ द्या, आणि लावायचा तर पहाटे लावा, रात्री नको. रात्री बल्ब अचानक बंद झाला की कोंबड्यांना अंधारात दांडीवर चढता येत नाही, जिथं असतील तिथं गोठून बसतात. पहाटे लावला तर बल्ब बंद होईपर्यंत बाहेर उजाडलेलं असतं. बल्ब ते विकत नाहीत, समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातनं साधा पिवळ्या उजेडाचा पाच वॉटचा एलईडी आणि टायमर घ्यायला सांगितला. मी संक्रांतीनंतर लावला. आधी साडेसहाला, मग दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं आधी, असं करत पहाटे पाचपर्यंत आणला. त्या दिवसात आमच्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सव्वासहाला मावळतो, म्हणजे सव्वातेरा तास झाले. एवढ्यावर भागलं. बल्ब नाही लावला तरी अंडी येतातच, सासूबाईंच्या माहेरी कुठं बल्ब होता, फक्त थोडं उशिरा येतात.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत पोरांना फिरवून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी मी परत दुकानात. मालकांनी विचारलं तुरा कसाय. फोटो दाखवला, लालभडक, चकचकीत. मग म्हणाले हात लावून बघा घरी गेल्यावर. मागच्या बाजूला, शेपटीच्या खाली दोन बारीक हाडांची टोकं लागतात, त्यांच्यात एक बोट जेमतेम बसत असेल तर अजून वेळ आहे, दोन-तीन बोटं बसली तर आठवड्या-दीड आठवड्यात अंडं. आणि पाठीवर हात ठेवला की पंख थोडे पसरून खाली बसते का ते बघा. तांबडी बसली! हात ठेवल्या ठेवल्या दबकून बसली, आणि बोटं मोजली तर दोन आरामात. कवडीला एक बोट पण नीट बसत नव्हतं. इतका साधा हिशोब आहे आणि मला दोन वर्षात कुणी सांगितला नव्हता.

त्या दिवशी मात्र त्यांनी लेअर मॅश दिलं. दहा किलो सुट्टं, अडतीस रुपये किलोनं. अंड्यावरच्या एका कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, माझ्या परसात मोकळ्या फिरतात, किडे-गवत खातात, त्यामुळे आठ जणींना सहाशे ग्रॅम पुरतं. ग्रोअर एकदम बंद करून लेअर सुरू करायचं नाही, आठवडाभर अर्धं-अर्धं मिसळायचं. दोन्हीतला मेन फरक कॅल्शियमचा, ग्रोअरमध्ये १ टक्क्याच्या आसपास असतं आणि लेअरमध्ये साडेतीन-चार टक्के. म्हणून वाढणाऱ्या पिल्लांना लेअर घालायचं नाही, त्यांच्या किडन्या खराब होतात, ज्यांच्याकडं एकाच खुराड्यात पिल्लं आणि मोठ्या दोन्ही आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा.

माल कसा आहे? चांगला आहे. मका-सोयाबीन पेंडीचा ताजा वास येतो, हातात घेतला तर तेलकट लागत नाही, गुठळ्या नाहीत. तक्रार एकच की पीठ फार बारीक आहे, कोंबड्या वरचे मक्याचे कण वेचून खातात आणि तळाला पिठाचा थर राहतो, त्या पिठातच व्हिटॅमिन आणि मिनरल असतं, म्हणजे महत्त्वाचं तेच वाया. ओलसर करून दिलं की सगळं संपतं, पण तासाभरात संपेल एवढंच भिजवायचं नाहीतर आंबतं.

त्याच्याबरोबर शिंपल्याचा चुरा, वीस रुपये किलो. ही मला सगळ्यात आवडलेली वस्तू. खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा, जिला पाहिजे ती खाईल असं सांगितलं होतं. मी एक जुनी जर्मनची वाटी खुराड्याच्या दाराला तारेनं बांधली. पहिले दहा दिवस कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, ऊन उतरलेलं, बाकीच्या दांडीकडं निघालेल्या, आणि तांबडी एकटीच वाटीपाशी. एक-एक तुकडा निवडून, चोचीत फिरवून, टाकून परत दुसरा घेऊन, कट कट आवाज करत खात होती. सकाळी मी त्याच वाटीत हात घालून दाखवला होता तेव्हा तिनं तोंड फिरवलं होतं. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली बरोबर आहे, अंड्याचं कवच व्हायला जवळजवळ वीस तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्रीत चालतं, म्हणून संध्याकाळी कोंबडी स्वतःहून कॅल्शियम शोधते. एका अंड्याच्या कवचाला २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. तिला कुणी शिकवलं नाही आणि तिला वेळसुद्धा माहीत आहे. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं, त्या म्हणाल्या आता उद्या-परवा बघ.

दोन दिवसांनी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, कडब्याची कुट्टी घातलेल्या घमेल्यात अंडं. लहानसं, एका टोकाला खरखरीत, बाजूला रक्ताची बारीक रेघ. इतक्या दिवसांनी सुरू होताना असं होतं, घाबरायचं नाही. त्यानंतर दुसऱ्या एकीनं दांडीखालीच कवच नसलेलं अंडं टाकलं, पाण्याच्या छोट्या पिशवीसारखं मऊ, हातात घेतलं तर आकार बदलायला लागलं. तेही एकदाच. चौथ्या-पाचव्या अंड्यापासून सगळी व्यवस्थित, आणि गेल्या वर्षीपेक्षा मोठी. विश्रांतीनंतर अंड्यांची संख्या पहिल्या वर्षापेक्षा थोडी कमी राहते पण आकार आणि कवच सुधारतं. आत्ता रोज चार-पाच मिळतात. गेल्या वर्षी याच दिवसात सहा होती. मला हे मान्य आहे.

गावरानमधली एक तर बारा अंडी घालून लगेच खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तेव्हा परत अंडी कमी झाली म्हणून घाबरू नका, खुडूक वेगळं आणि पिसगळ वेगळी. खुडूक कोंबडी घमेलं सोडत नाही, अंग फुगवते, जवळ गेलं की गुरगुरते. तिला आम्ही एका पाहुण्यांकडनं आणलेल्या दहा अंड्यांवर बसवलंय, कारण आमच्याकडं कोंबडा नाही. कोंबडा नसला तरी अंडी येतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत, हे बरेच जण विचारतात म्हणून लिहिलं.

आता अर्धा स्टार का कापला. एक म्हणजे दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं आणि ते कुठं लिहिलेलं नाही, मी एकदा उन्हात अडीच तास नाही पण तासभर तरी थांबले. दुसरं, सुट्टं खाद्य देतात त्याच्या मूळ गोणीवरची तारीख आपण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. मागितली की लगेच दाखवतात, लपवत नाहीत, पण नवीन माणसाला मागायचं सुचत नाही. तयार खाद्य महिना-दीड महिन्यात संपवलेलं बरं, त्यातली व्हिटॅमिनं कमी होत जातात. तिसरं, शिंपल्याच्या पिशवीत तळाला पावडर बरीच निघते, मी चाळून घेते, पाव किलो तरी पावडरच. घरपोच सेवा नाही, गोणी स्वतः उचलून न्यायची. फोनवरनं पैसे देता येतात. पार्किंगचं विचारूच नका, कांद्याच्या सीझनमध्ये सकाळी नऊच्या आत जाऊन या.

आणि आत्ता जे लोक विचार करतायत की खाद्य घ्यावं का नको, त्यांनी उशीर करू नका, कारण आपल्याकडं कोंबडीचा हंगाम छोटा आहे. संक्रांत ते होळी हे सोलापुरातले सोन्यासारखे दिवस, उजेड वाढतोय आणि ऊन अजून सोसवतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की कोंबडी खातच नाही, चोच उघडी टाकून धापा टाकते, आणि धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन कवच पातळ पडतं, तेव्हा कितीही शिंपले घाला. मालकांनी मला आत्ताच सांगून ठेवलंय की उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावरच द्यायचं, दुपारी नाही, पाणी मातीच्या भांड्यात सावलीत, आणि एका वेळी पाच किलोच्या वर न्यायचं नाही, पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं खाद्य उन्हाळ्यात लवकर खवट होतं. पाणी आमच्याकडं रोज येत नाही हे सोलापुरात कुणाला सांगायला नको, पण कोंबड्यांचा एक माठ मी वेगळा भरूनच ठेवते. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, एक दिवस पाणी कमी पडलं तर पुढं कितीतरी दिवस अंडी विस्कटतात.

परवा परत गेले होते पाच किलो न्यायला. मालकांनी पहिलं कवडीचं विचारलं, नावानं नाही, ती उशिरा पिसं आलेली घातली का म्हणून. नाही म्हणलं अजून, पण दोन बोटं बसायलीत. मग चार दिवसांनी फोन करा म्हणाले. आज सकाळी घमेल्यात पाच होती, त्यातलं एक फिकट, लांबट, टोकाला खरखरीत. ते कवडीचंच आहे, कारण पहाटे बल्ब लागल्यापासनं ती त्याच घमेल्यात बसून होती आणि मी दारात उभी राहून बघत होते.